सहाणेवर उगाळलेली गोळी

माझ्या मुलीच्या गळ्यात थायरॉइडची ग्रंथी नाही. जन्मापासूनच नाही. बाहेरून काही कळत नाही. ती चारचौघींसारखी शाळेत जाते, भांडते, मोबाइलसाठी हट्ट करते. रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी घेते, एवढाच काय तो फरक. मी ही गोष्ट कुणापासून लपवत नाही. ऐकल्यावर लोक "बिचारी" म्हणतात, आणि मग मी विषय बदलते. बिचारी म्हणावं असं तिच्यात काहीही नाही. तसं काही नाही, याचं श्रेय वाटायला बसले तर बऱ्याच जणांच्या पदरात थोडं थोडं टाकावं लागेल. त्यात माझ्या सासूबाईंचा वाटा मोठा आहे, आणि सुरुवातीची चूकही त्यांच्याच हातची आहे. दोन्ही खरं आहे.

मुलगी झाली तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. अंधेरीला एका कुरिअर कंपनीच्या गोदामात पाठवणीचं काम बघते, तेव्हाही तेच बघायचे. बोरिवलीतल्या एका लहान प्रसूतिगृहात सिझेरियन झालं. दुसऱ्या दिवशी नर्स आली आणि म्हणाली, "ताई, बाळाच्या टाचेतून दोन-चार थेंब रक्त घ्यायचंय. जन्मतःचे काही आजार असले तर कळतात. सक्ती नाही हां, तुमची इच्छा."

नवरा बाजूला उभा होता. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, दिवसभर लोखंडात हात घालतो, पण सुई दिसली की तोंड फिरवतो. "अगं, आत्ता कुठे जन्मलीय. आत्तापासून टोचाटोची कशाला? आपल्या घरात आहे का कुणाला काही?"

"घ्या," मी नर्सला म्हटलं.

यात मायेचा किंवा दूरदृष्टीचा भाग नव्हता. पार्सल निघायच्या आधी उघडून बघितलं तर दोन मिनिटं जातात. नागपूरला पोचल्यावर चूक कळली तर आठवडा जातो. मला सवय होती, इतकंच. कागदाच्या जाड पट्टीवर रक्ताचे लाल ठिपके उमटले, ते वाळवून कुठल्यातरी प्रयोगशाळेत गेले, आणि मी विसरून गेले.

आम्ही कांदिवलीला चारकोपमध्ये राहतो. मला माहेर म्हणावं असं राहिलं नव्हतं. आई गेलेली, भावाची एक खोली. त्यामुळे बाळंतपण सासरीच. सासूबाई मालवणकडच्या. लग्न करून मुंबईत आल्या त्याला तेव्हाच चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली होती, पण घरात बोलतात त्या मालवणीच. माझ्याशी, मुलाशी, भाजीवाल्या भय्याशीसुद्धा. तोही आता "काय गो आये" म्हणतो.

बाळ फार शांत होतं. रडायचं नाही, दूध पिता पिता झोपायचं, उठवावं लागायचं. शेजारणी बघायला आल्या की म्हणायच्या, "नशीब काढलंस गं, आमच्याने तर नुसता उच्छाद मांडलेला." सासूबाई खूश. थोडं पिवळं दिसत होतं, पण कोवळ्या उन्हात धरलं की जाईल, असं सगळे म्हणत होते.

घरी येऊन दोनेक दिवस झाले असतील, प्रसूतिगृहातून फोन आला. "बाळाला घेऊन या. आजच या, उद्यावर ढकलू नका."

टाके ओढत होते, तरी गेले. त्यांनी लहान मुलांच्या ग्रंथींच्या आजाराच्या डॉक्टरकडे पाठवलं. ती बाई माझ्याच वयाची, भराभर बोलणारी, मला लगेच आवडली. शिरेतून रक्त घेतलं, गळ्याची सोनोग्राफी केली. पडद्यावर मला काहीच कळलं नाही. तिने बोट ठेवून दाखवलं. "इथे ग्रंथी असायला हवी. नाहीये."

"मग?"

"मग गोळी. आजपासून, आत्तापासून, आयुष्यभर. हे बघा, आजार वाईट आहे, पण वेळेवर सापडला तर उपाय सोपा. ही ग्रंथी जे बनवते त्याच्यावर बाळाचा मेंदू वाढतो. पहिली दोन-तीन वर्षं तर फारच. त्या काळात कमी पडलं तर नंतर कितीही गोळ्या द्या, गेलेलं भरून येत नाही. तुमच्या बाळाचं लवकर कळलंय. रोज गोळी गेली तर ती इतर मुलांसारखी वाढेल, अशी मला पूर्ण आशा आहे."

"आशा की खात्री?" मी विचारलं.

"आशा," ती म्हणाली. "खात्री देणारा डॉक्टर भेटला तर मलाही त्याचा पत्ता द्या."

गोळी कुस्करून थोड्या दुधात द्यायची, एवढं तिने सांगितलं. मी घरी येऊन सासूबाईंना तेच सांगितलं. सकाळी बाळाचं सगळं त्याच करत होत्या. मला वाकता येत नव्हतं, आणि बाळाला तेल लावावं, न्हाऊ घालावं, धुरी द्यावी तर त्यांनीच. त्या कामात त्यांचा हात आसपासच्या तीन इमारतींत प्रसिद्ध. न्हाणं झालं की गुटी. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून त्यावर हळकुंड, वेखंड, जायफळ, बाळहिरडा असं एकेक उगाळायचं. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. तान्ह्याला एक-दोनच वेढे, महिना वाढला की वेढे वाढतात. जास्त उगाळलं तर बाळाला बाधतं. ज्या घरात गुटी देतात त्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"गोळी माझ्याकडे दे, न्हाणं झाल्यावर मीच देतंय," त्या म्हणाल्या. मी दिली. बाळ गोळी घेतंय, मी पडून राहिलेय, नवरा कामावर जातोय, असे दिवस गेले. बाळ शांतच होतं.

दोन आठवड्यांनी परत रक्त तपासलं. अहवाल बघून डॉक्टरचं भराभर बोलणं थांबलं. या वेळी सासूबाईही आल्या होत्या, बाळ त्यांच्याच मांडीवर होतं.

"गोळी रोज जातेय?"

"रोज," मी म्हटलं.

"कोण देतं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, कशी देता? मला करून दाखवा ना."

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट एवढी मोठी डॉक्टरीण आपल्याला विचारते म्हणून चांगल्या सावरून बसल्या. बाळ माझ्याकडे दिलं आणि टेबलाच्या काचेवर बोट टेकवून गोल फिरवलं. एकदा, दोनदा. मग बोट उचललं.

"बस?" डॉक्टर म्हणाली. "आणि उरलेली गोळी?"

"ती दुसऱ्या दिवसाक."

मला समजायला एक क्षण लागला. सासूबाई गोळी सहाणेवर उगाळत होत्या. गुटीसारखी. दोन वेढे. उरलेला तुकडा कागदात बांधून उद्यासाठी. जे उगाळलं त्यातलंही निम्मं दगडालाच राहत असणार, आणि उरलेलं वेखंड-जायफळात कालवून बाळाच्या पोटात.

"अहो आई! अख्खी द्यायची होती!"

"एवढ्याशा चेडवाक अख्खी गोळी सोसात काय?" त्या माझ्यावरच चढल्या. "महिन्याच्या आतला पोर ता. आधी दोन वेढे, मगे वाढवायचे. माका काय कळणा नाय?"

डॉक्टर रागावली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली. "आजी, गुटीचं तुमचं बरोबर आहे. ती बाळाला वरून देतो, म्हणून बेताने. ही गोळी वरची नाहीये. तुमच्या-माझ्या गळ्यात हे रोज आपोआप तयार होतं, हिच्या होत नाही. ते जितकं हवं तितकंच मी लिहून दिलंय. अर्धं दिलं तर बाळ अर्ध्यावर राहील."

"अर्ध्यावर म्हंजे?"

डॉक्टरने सांगितलं. गोळी न मिळालेलं मूल कसं होतं ते. उंची वाढत नाही. जीभ जाड होते, बाहेर राहते. आवाज घोगरा. चालायला, बोलायला फार उशीर, आणि समज लहान मुलाएवढीच राहते.

 रिक्षात बसल्यावर सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आमच्या वाडीत असा एक चेडू होता." त्यांच्या लहानपणची गोष्ट. शेजारच्या घरातली मुलगी. वय वाढलं, पण ती कंबरेएवढीच राहिली. दिवसभर पडवीत बसायची, जीभ ओठावर, कुणी हसलं की हसायची. देवस्कीचं काही झालं असं सगळे म्हणायचे. गाऱ्हाणी घातली, कोंबडे दिले. सासूबाई तिच्याच वयाच्या. त्यांचं लग्न ठरलं तेव्हाही ती पडवीतच बसलेली होती.

"तेका कोणी गोळी दिल्यान नाय," त्या म्हणाल्या. 

संध्याकाळी नवरा आला आणि घराची वाट लागली. तो एरवी आईशी चढ्या आवाजात बोलत नाही. "आई, तू डॉक्टर आहेस काय गो? यापुढे तिच्या औषधाला हात लावायचा नाही. कळलं?"

"मी काय तेका इख दिलंय?"

"त्याच्यापेक्षा काय कमी केलंस?"

"अरे, गप बस," मी म्हटलं. पण तो बोलून गेला होता. दुसऱ्या दिवशी सासूबाई उठल्या, चहा केला आणि गॅलरीत जाऊन बसल्या. बाळाला न्हाऊ घालायला आल्या नाहीत. तेलाची वाटी ओट्यावर तशीच. मी हाक मारली तर म्हणाल्या, "तुमचा तुम्ही करा. माका काय येणा नाय."

मला रुसव्याफुगव्यांना वेळ नव्हता. एक तर बाळाची गोळीची वेळ टळत होती. दुसरं, माझी रजा काही वर्षभर पुरणार नव्हती. मी कामावर गेल्यावर हे मूल कुणाच्या हातात असणार होतं? त्यांच्याच. पाळणाघरातल्या अनोळखी बाईला मी गोळी समजावून सांगणार, तर आपल्या घरातल्या बाईला का नाही? गोदामात एखाद्या पोरीने पत्ता चुकीचा चिकटवला तर मी तिला टेबलावरून उठवत नाही. तिच्याचकडून ते परत नीट करून घेते. एकदा धडा घेतलेला माणूस नव्या माणसापेक्षा बरा.

मी स्टीलचे दोन चमचे घेतले, गोळी घेतली, आणि गॅलरीत जाऊन त्यांच्या मांडीवर बाळ ठेवलं.

"आई, आता बघा. अख्खी गोळी या चमच्यात. त्यावर दुधाचे थेंब. दुसऱ्या चमच्याच्या पाठीने दाबायची. ही बघा, विरघळली. गालाच्या आतून सोडायची. मग चमच्यात परत थोडं दूध घालून, जे चिकटलंय तेही द्यायचं. सहाण नाही. वेखंड नाही. आणि यानंतर अर्धा तास दुसरं काही पोटात नाही."

"तुझ्या नवऱ्यान नको म्हणून सांगितल्यान."

"त्याला मी बघते. उद्यापासून तुम्हीच द्यायची. माझ्यासमोर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चमचा घेतला, चमच्यात उरलेलं पांढरं पाणी बाळाच्या गालात सोडलं, आणि चमचा उजेडात धरून तपासला.

त्या दिवसापासून त्या बाईने जे केलं त्याला तोड नाही. पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला, आणि पुढेही टिकला. डॉक्टर वजन वाढेल तशी गोळी बदलत गेली. सासूबाई नवी बाटली आली की मला वाचायला लावायच्या आणि माझं वाचून झालं की समोरच्या घरातल्या मुलाकडून परत वाचून घ्यायच्या. गणपतीत गावी गेलो की गोळ्या त्यांच्या स्वतःच्या पिशवीत, प्रसादाच्या वर. एकदा नात्यातल्या एका काकूंनी सांगितलं, "अगो, रोज गोळी देऊन पोराचं काळीज कमजोर होतं." सासूबाईंनी त्यांना चहाही विचारला नाही.

बाळ हळूहळू शांत राहिनासं झालं. रडायला लागलं, म्हणजे भोकाड पसरायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, "काय गं, आधी किती गुणी होती!" आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसलो. रात्री तिने सगळी इमारत जागी केली तरी माझा नवरा म्हणायचा, "रडू दे, रडू दे. झकास रडतेय."

पण सासूबाईंच्या मनात काहीतरी घर करून बसलं होतं. त्या बोलत नसत, पण मला दिसायचं. मुलगी कुशीवर कधी वळली, बसली कधी, टाळ्या कधी वाजवल्या, हे त्या इमारतीतल्या दुसऱ्या बाळांशी ताडून बघायच्या. तळमजल्यावरचा मुलगा आमच्या मुलीआधी चालला, तर त्या दोन दिवस जेवल्यासारखं करून उठायच्या. मग आमची बया एका संध्याकाळी टीव्हीच्या टेबलाला धरून उभी राहिली आणि थेट आजीच्या अंगावर चालत आली. सासूबाईंनी तिला उचललं नाही. परत मागे नेऊन उभं केलं आणि परत चालायला लावलं. खात्री करून घेतली.

पहिलीत घालायच्या आधी डॉक्टरने तिची एक सविस्तर चाचणी करून घ्यायला सांगितली. बोलणं, समज, लक्ष, हात किती चालतो, सगळं. अशा मुलांची करतात, त्यात घाबरण्यासारखं नाही, असंही म्हणाली. मी घाबरले नाही, पण सुट्टी मात्र पूर्ण दिवसाची टाकली.

मानसशास्त्र शिकलेली एक तरुण मुलगी तिच्याशी खेळत बसली होती. चित्रं दाखवायची, गोष्ट सांगून प्रश्न विचारायची. आमची मुलगी गोष्टीत तरबेज निघाली, विचारलं त्याहून जास्त सांगितलं, वर "तुला एवढं पण माहीत नाही?" असंही म्हणाली. मग रंगीत ठोकळे आले. समोर चित्र, तसं ठोकळ्यांनी जुळवायचं. तिथे ती अडली. जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. लक्ष खिडकीकडे गेलं. वेळ संपली तेव्हा एक ठोकळा वाकडाच होता.

मी बाजूला बघितलं. सासूबाई त्या ठोकळ्याकडे बघत होत्या.

डॉक्टरने नंतर आम्हा दोघींना आत बसवलं. सगळं सांगितलं. बोलणं वयापेक्षा पुढे. समज चांगली. आकृत्या जुळवणं जरा मागे, लक्ष थोडं उडतं. शाळेला सांगून ठेवा, पुढे गणितात थोडी मदत लागेल कदाचित. पण एकूण मुलगी व्यवस्थित आहे. साध्या शाळेत, सगळ्यांबरोबर घाला.

मी आभार मानले आणि उठायला लागले. सासूबाई उठल्या नाहीत.

"डॉक्टर, माका एक सांगा," त्या म्हणाल्या. "ता ठोकळ्यांचा जा काय कमी पडला, ता माझ्यामुळा काय? त्या दोन आठवड्यांमुळा? खरा काय ता सांगा. माझ्या वयाक बघून गोड बोलू नका."

पाच वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. मला नाही, मुलाला नाही.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आजी, खरं सांगते. मला माहीत नाही. कुणालाच माहीत असणार नाही. कदाचित थोडं त्याचं असेल. कदाचित जन्माच्या आधीपासूनचं असेल, पोटात असताना ग्रंथी नव्हतीच ना. या आजाराच्या काही मुलांना सगळं वेळेवर मिळूनही असं थोडं राहतं. आणि कदाचित त्यातलं काहीच नसेल, ती तशीच असेल. ज्यांना काही झालेलं नाही अशीही कितीतरी मुलं ठोकळ्यांना कंटाळतात. पण एक मला पक्कं माहीत आहे. पाच वर्षं हिच्या रक्तात आकडा हलला नाही. असं माझ्याकडे फार थोड्या घरांत होतं."

सासूबाईंनी मान हलवली. समाधान झालं असं नाही. पण खोटं बोलली नाही म्हणून तिच्याबद्दल आदर वाटला असावा, बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बाई सरळ आसा."

मलाही तेच वाटलं. मी आयुष्यात देवाचे आभार थोडे, माणसांचे जास्त मानते. ज्या नर्सने सक्ती नसताना विचारलं तिचे. ज्याने कुठल्यातरी खोलीत बसून रक्ताचा वाळलेला ठिपका तपासला, आणि निकाल बघून फोन करायला लावला, त्याचे. त्याला मी कधी बघितलं नाही. या डॉक्टरचे. आणि माझ्या सासूचे. त्यांच्या वाडीतल्या त्या मुलीला यातलं एकही माणूस भेटलं नाही.

आता मुलगी माध्यमिक शाळेत आहे. गोळी स्वतःची स्वतः घेते. मराठीत पहिल्या पाचात, भांडणात पहिली. गणितात ती ठोकळेवाली गोष्ट खरी ठरली. भूमिती म्हटलं की चेहरा पडतो. दर चाचणीनंतर गुण घरात आले की सासूबाई नुसतं माझ्याकडे बघतात. मी ते बघणं ओळखते. "आई, सोडा हो," म्हणते. त्या सोडत नाहीत.

गेल्या चाचणीत भूमितीत ती नापासच झाली. संध्याकाळी नवरा घरी आला, उत्तरपत्रिका हातात घेतली आणि ओरडण्याऐवजी कोपऱ्यात बसून हसायला लागला.

"हसतोस काय रे?" मी म्हटलं.

"अगं, हा त्रिकोण बघ. सेम टू सेम माझा. मी पण असाच काढायचो. मास्तर पट्टीने मारायचा, तरी पुढच्या वेळी तसाच."

"बाबा, तू पण नापास व्हायचास?" मुलगी उडालीच.

"भूमितीत? दोनदा."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग नातीकडे, आणि मग माझ्याकडे. पण हे बघणं वेगळं होतं.

"होय गो," त्या म्हणाल्या, "आणि तेची तर खयची गोळी मी उगाळलंय? तरी तो दोनदा नापास झालोच मां!"

आणि मेथीची जुडी मांडीवर तशीच ठेवून, डोळ्याला पदर लावून हसत सुटल्या. त्या विषयावर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. मुलीला कळेना आजीला झालं काय. आम्ही सांगितलं नाही; मोठी झाली की सांगू.

भूमितीला शिकवणी लावली आहे. फारसा उपयोग होईलसं वाटत नाही.